घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं : हेडर-ओन्ली लायब्ररीतल्या परक्या डिपेंडन्सीज कशा सांभाळायच्या

ऑक्टोबर छाटणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. दिंडोरीहून मित्राचा फोन आला. त्याच्या द्राक्षबागेत ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलरचा एक बोर्ड तापमान आणि आर्द्रता मोजत बसलेला असतो. "भाऊ, तुझी ती फाइल टाकल्यापासून बोर्ड दिवसातून दहादा आपोआप बंद होऊन चालू होतोय. आधी असं कधी झालं नव्हतं."

'ती फाइल' म्हणजे माझी ६०० ओळींची सी++ हेडर-ओन्ली लायब्ररी. म्हणजे सगळा कोड हेडर फाइलमध्येच, वापरणाऱ्याने तो आपल्या कोडमध्ये इन्क्लूड करायचा (जसाच्या तसा ओढून घ्यायचा). नाव 'दवबिंदू'. तापमान आणि आर्द्रता दिली की ती दवबिंदू काढते आणि पान साधारण किती तास ओलं राहिलं असेल याचा अंदाज देते. डाऊनीची (द्राक्षावरच्या केवडा रोगाची) फवारणी करायची की थांबायचं, हे ठरवताना बागायतदार ते तास बघतो. हिशेब म्हणून एवढाच. यात बोर्ड बंद पडण्यासारखं काय आहे, हे मला दोन रात्री कळेना.

दोष हिशेबात नव्हताच. सेन्सरकडून आलेली ओळ वाचायला सोपी जावी म्हणून मी हेडरमध्ये एनलोहमन जेसन लायब्ररी इन्क्लूड केली होती. जेसन या स्वरूपातला मजकूर वाचणारी ही परकी लायब्ररी म्हणजे माझ्या लायब्ररीची डिपेंडन्सी. ओळ अर्धवट आली की ती लायब्ररी एक्सेप्शन फेकते, म्हणजे चूक झाल्याचा इशारा देते. ईएसपी-आयडीएफमध्ये (त्या बोर्डासाठी कोड लिहिण्याच्या साधनसंचात) सी++ची एक्सेप्शन्स मुळात बंद असतात, आणि ती बंद असली की हीच लायब्ररी फेकण्याऐवजी थेट अबॉर्ट करते, म्हणजे प्रोग्रॅमच थांबवते. अबॉर्ट झाला की बोर्ड रीस्टार्ट. आपल्या प्रोग्रॅममध्ये जेसन लायब्ररी शिरली आहे हे मित्राला माहीतसुद्धा नव्हतं. त्याने एक पाहुणा घरात घेतला होता. पाहुण्यासोबत त्याचा गोतावळा आला.

त्यानंतर लायब्ररी नव्याने बांधताना जे जे केलं ते क्रमाने सांगतो. कमांड आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती रोमनमध्येच करायची.

माजघर नसलेलं घर

नेहमीच्या, कंपाइल करून दिलेल्या लायब्ररीला ओटी असते आणि माजघर असतं. हेडर म्हणजे ओटी, पाहुण्यांना दिसणारी. प्रत्यक्ष कोडची सीपीपी फाइल म्हणजे माजघर. माजघरात तुम्ही कोणती परकी लायब्ररी वापरता, तिच्या किती मॅक्रो (कंपाइल होण्याआधी मजकूर बदलून टाकणारी नावं) आहेत, याच्याशी पाहुण्याचा संबंध येत नाही. लिंक करताना (कंपाइल झालेले तुकडे जोडताना) ती लागेल, पण तिची हेडर्स त्याच्या कोडमध्ये घुसत नाहीत.

हेडर-ओन्ली लायब्ररीला माजघरच नाही. तुम्ही इन्क्लूड केलेली प्रत्येक ओळ वापरणाऱ्याच्या प्रत्येक सीपीपी फाइलमध्ये ओतली जाते. त्याच्या कंपाइलरने, त्याच्या पर्यायांनिशी, त्याच्या इतर लायब्रऱ्यांच्या शेजारी बसवून ती कंपाइल केली जाते. 'डीटेल' नावाची नेमस्पेस (नावांचा वेगळा गट) केली की आतलं खासगी झालं, असं आपण समजतो. ती फक्त दारावरची पाटी आहे, दाराला कडी नाही. तेव्हा इथे 'आतून वापरलेली डिपेंडन्सी' असा प्रकारच नसतो. प्रत्येक डिपेंडन्सी ही वापरणाऱ्यावर लादलेली असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीतून निघतात.

आधी मोजा

एक रिकामी सीपीपी फाइल करा, तिच्यात फक्त तुमच्या हेडरचा इन्क्लूड ठेवा. जीसीसी किंवा क्लँगला कॅपिटल 'ई'चा पर्याय दिला की प्रीप्रोसेसरमधून (इन्क्लूड आणि मॅक्रो भरून देणाऱ्या पहिल्या टप्प्यातून) बाहेर पडणारा सगळा मजकूर मिळतो. त्याच्या ओळी मोजा. कॅपिटल 'एच'चा पर्याय दिला तर कोणत्या हेडरने कोणतं हेडर ओढलं याची उतरंड दिसते, जितके टिंब तितकी खोली. व्हिज्युअल स्टुडिओच्या कंपाइलरला हेच काम 'शोइन्क्लूड्स' पर्यायाने सांगतात.

पहिल्यांदा बघाल तेव्हा दचकाल. नुसतं 'आयओस्ट्रीम' हजारो ओळी घेऊन येतं. एनलोहमनची एकसंध फाइल स्वतःच चोवीस-पंचवीस हजार ओळींची आहे, वर ती स्टँडर्ड लायब्ररीची डझनभर हेडर्स मागते. माझ्या ६०० ओळी त्या ढिगात शोधाव्या लागल्या. आणि हा ढीग वापरणाऱ्याच्या जितक्या सीपीपी फाइल माझं हेडर घेतील तितक्या वेळा पुन्हा कंपाइल होतो. कॅच२ ही टेस्टिंगची लायब्ररी वर्षानुवर्षं एका हेडरची म्हणून प्रसिद्ध होती. २०२२च्या तिसऱ्या आवृत्तीत तिने तो प्रकार सोडून कंपाइल होणाऱ्या लायब्ररीचं रूप घेतलं, त्यामागे कंपाइलला लागणारा वेळ हे मोठं कारण होतं.

उतरंड समोर ठेवून कागदावर प्रत्येक परक्या लायब्ररीपुढे एक शब्द लिहा. तिचा टाइप तुमच्या फंक्शनच्या सहीत (म्हणजे ते काय घेतं आणि काय परत देतं त्या ओळीत) दिसतो का? मग 'सही'. फक्त फंक्शनच्या पोटात वापरली आहे? 'पोट'. टेस्ट किंवा उदाहरणांपुरतीच आहे? 'टेस्ट'. माझ्या यादीत पाच नावं होती : जेसन, मजकूर मांडणारी एफएमटी, लॉग लिहिणारी एसपीडीलॉग, मॅट्रिक्स गणिताची आयगेन आणि वेळेसाठी हॉवर्ड हिनंट यांची डेट लायब्ररी. 'सही' फक्त जेसनपुढे आलं.

मग छाटा

'पोट' लिहिलेल्या नावांवर कात्री आधी चालवा, कारण तिथे वापरणाऱ्याला काही मिळत नाही, नुसतं ओझं मिळतं.

आयगेन मी कशाला घेतली होती? गेल्या दहा वाचनांची सरासरी काढायला. सांगायला लाज वाटते, पण कोणत्याही हेडरमध्ये डोकावलं तर असला एखादा नमुना सापडतोच. स्टँडर्ड लायब्ररीचं 'अ‍ॅक्युम्युलेट' पुरलं.

दवबिंदूला मॅग्नसचं सूत्र लागतं, १७.६२ आणि २४३.१२ हे दोन स्थिरांक आणि एक लॉगरिदम. 'सीमॅथ'बाहेर जायची गरज नाही.

एफएमटी आकड्याचा मजकूर करायला होती. आकडा आकडा म्हणूनच परत दिला. छापायचा कसा, ते ज्याचं त्याने बघावं. जिथे मजकूर अटळ होता तिथे सी++१७चं 'टू_कॅर्स' घेतलं. एक सावधानता : पूर्णांकांसाठी ते बऱ्याच आधीपासून चालतं, पण दशांश आकड्यांसाठी जीसीसीची किमान ११वी आवृत्ती लागते.

लॉगिंगचा मुद्दा जरा वेगळा. लायब्ररीने स्वतःहून लॉग लिहिणं ही माझ्या मते आगाऊपणाची गोष्ट आहे. तुम्ही एसपीडीलॉग घेतली आणि वापरणाऱ्याकडे दुसरंच काही असलं की एका प्रोग्रॅममध्ये दोन लॉगर होतात, दोघे दोन फाइलींत लिहितात. त्याऐवजी एक कॉलबॅक घ्या : 'काही सांगायचं असेल तर या फंक्शनला सांग'. त्याने दिला नाही तर गप्प बसा. माझ्याकडे लॉगिंगच्या चाळीस ओळी होत्या, कॉलबॅकच्या सहा झाल्या.

डेट लायब्ररीचा किस्सा मला आवडतो. तिचा डेट हेडर खरोखर हेडर-ओन्ली आहे, पण टाइमझोनचा भाग तसा नाही; त्याला एक सीपीपी फाइल कंपाइल करावी लागते आणि टाइमझोनचा डेटाबेस लागतो. मी तो भाग वापरला होता, म्हणजे माझी लायब्ररी नावापुरतीच हेडर-ओन्ली उरली होती. आता विचार करा. भारतात एकच टाइमझोन, घड्याळ पुढे-मागे करण्याची भानगड नाही. नाशिकच्या बागेला यूटीसी अधिक साडेपाच तास पुरतात. तरी साडेपाच तास कोडमध्ये खिळून टाकले नाहीत. फंक्शन आता मिनिटांतला फरक बाहेरून मागतं. उद्या कोणी चिलीतल्या बागेत वापरली तरी अडणार नाही.

'सही'वाल्या डिपेंडन्सीला वेगळी खोली

जेसन उरलं. ते काढून टाकता आलं असतं, पण रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याला ते हवंच होतं. मग हेडरच दोन केले. मूळ हेडर फक्त स्टँडर्ड लायब्ररीवर चालतो. दुसरा 'दवबिंदू जेसन' हेडर मूळ हेडर आणि एनलोहमन दोन्ही इन्क्लूड करतो, आणि त्यात फक्त दोन मोकळी फंक्शन्स आहेत : टू_जेसन आणि फ्रॉम_जेसन. ती आपल्याच नेमस्पेसमध्ये, आपल्या टाइपशेजारी ठेवली की एनलोहमनला ती आपोआप सापडतात. आर्ग्युमेंटच्या टाइपवरून फंक्शन शोधण्याचा सी++चा नियम ते करून देतो. ज्याला जेसन हवं तो दुसरा हेडर घेतो. दिंडोरीच्या बोर्डाने तो घ्यायचा नाही, एवढंच.

'मला फक्त टाइपचं नाव हवं, आगाऊ घोषणा स्वतःच लिहितो' असं करू नका. जेसन हा साधा क्लास नाही, दहा-बारा पॅरामीटरच्या टेम्प्लेटचं उपनाव आहे, आणि आवृत्तीगणिक त्याची नेमस्पेससुद्धा बदलते. घोषणेपुरतं छोटं हेडर त्या लायब्ररीसोबतच येतं, तेच घ्या.

याच जागी मी आधी एक शहाणपणा केला होता आणि तो अंगाशी आला. सी++१७मध्ये '__हॅज_इन्क्लूड' आहे : अमुक हेडर सापडतो का ते प्रीप्रोसेसरला विचारता येतं. मी लिहिलं, जेसन सापडलं तर क्लासमध्ये एक जेसन मेंबर जास्तीचा ठेव. किती सोयीचं! त्या विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टमध्ये दोन फोल्डर होते. एकाच्या इन्क्लूड मार्गात जेसन होतं, दुसऱ्याच्या नव्हतं. ६४ बिटांवर जेसनचं एक मूल्य १६ बाइट घेतं. म्हणजे एका फाइलला माझं ऑब्जेक्ट ४० बाइटचं दिसत होतं, दुसरीला ५६चं. कंपाइलरची तक्रार नाही, लिंकरची नाही. प्रोग्रॅम चालायचा आणि आर्द्रतेचा आकडा अधूनमधून कोट्यवधीत जायचा.

याला 'वन डेफिनिशन रूल' मोडणं म्हणतात. एका प्रोग्रॅममध्ये एका क्लासची व्याख्या सगळीकडे अक्षरशः तीच हवी. मोडली तर कंपाइलरने सांगायलाच हवं असं स्टँडर्ड म्हणत नाही, उलट सांगायची सक्ती नाही असं म्हणतं. म्हणून नियम करून घेतला : परकी लायब्ररी हजर आहे की नाही यावरून क्लासची रचना कधीही बदलायची नाही. वेगळा हेडर द्या, मोकळी फंक्शन्स द्या. मेंबर नको.

एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या

समजा तुम्ही एनलोहमनची फाइल आपल्या रेपॉझिटरीत 'थर्ड पार्टी' फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवली. वापरणाऱ्याकडे त्याच लायब्ररीची नवी आवृत्ती आहे. आता एका सीपीपी फाइलमध्ये दोन्ही आल्या तर काय होतं?

दोन्हींचा इन्क्लूड गार्ड (तेच हेडर दुसऱ्यांदा आलं तर वगळणारा मॅक्रो) सारखा असेल तर पहिली येते आणि दुसरी गुपचूप वगळली जाते. कोणती पहिली, ते इन्क्लूडच्या क्रमावर. आणि तो क्रम कोणाच्या तरी फॉरमॅटरने अकारविल्हे लावून बदललेला असतो. एनलोहमन निदान इशारा देते की वेगळी आवृत्ती आधीच घेतली आहे. सगळ्या देत नाहीत. गार्डऐवजी त्याच कामाचं 'प्रॅग्मा वन्स' असेल तर दोन वेगळ्या जागच्या वेगळ्या प्रती दोन फाइली मानल्या जातात आणि पुनर्व्याख्येच्या चुकांचा पाऊस पडतो. हा पाऊस बरा म्हणायचा, निदान दिसतो तरी.

न दिसणारा प्रकार असा : दोन वेगळ्या सीपीपी फाइलींत दोन आवृत्त्या. इनलाइन फंक्शनच्या दोन प्रती लिंकरकडे जातात, तो त्यातली एक ठेवतो, दुसरी टाकतो. नव्या आवृत्तीच्या रचनेवर जुन्या आवृत्तीचं फंक्शन चालू लागतं.

यावर जाणत्यांनी शोधलेला उपाय म्हणजे इनलाइन नेमस्पेस. एफएमटी आपल्या मुख्य आवृत्तीचा आकडा इनलाइन नेमस्पेसमध्ये ठेवते. एनलोहमनने २०२२च्या ३.११ आवृत्तीपासून तेच सुरू केलं. नेमस्पेसच्या नावात आवृत्ती असते, आणि रचना बदलणारा एखादा मॅक्रो लावला तर त्याचीही खूण त्या नावात येते. वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही, पण लिंकरच्या दृष्टीने दोन आवृत्त्यांची नावं वेगळी होतात. तुमच्या लायब्ररीतही पहिल्या दिवसापासून हे करा, नंतर घालायला त्रास होतो. मी नंतर घातलं.

कॉपी करून ठेवणं सरसकट वाईट आहे का? नाही. द्राक्षाची वेल डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात, तसं परकं खोड आपल्या बुडाशी बांधून घेण्यात कधीकधी शहाणपणच असतं. दोनशे ओळींचं, वर्षानुवर्षं न बदललेलं, मोकळ्या परवान्याचं काही असेल तर खुशाल घ्या. मात्र त्याची नेमस्पेस बदलून आपल्या 'डीटेल'च्या आत न्या, मॅक्रोंची नावं बदला आणि इन्क्लूड गार्ड बदलायला विसरू नका. नेमस्पेस बदलून गार्ड तसाच ठेवणारे मी दोन जण पाहिलेत, त्यातला एक मी. कोणत्या कमिटवरून घेतलं ते फाइलच्या डोक्यावर लिहा. नाहीतर ती प्रत सिंहस्थासारखी बारा वर्षांतून एकदाच ताजी होते.

सीमेकमध्ये हे कसं मांडायचं

सीमेक हे कोडची बांधणी (बिल्ड) लावून देणारं साधन. हेडर-ओन्ली लायब्ररीचं त्यातलं टार्गेट (बांधायच्या गोष्टीची नोंद) 'इंटरफेस' प्रकारचं असतं, आणि तिच्या डिपेंडन्सीज टार्गेट_लिंक_लायब्ररीजने 'इंटरफेस' म्हणूनच जोडायच्या. 'प्रायव्हेट' लिहून बघा, सीमेक नाकारतो. माजघर नसल्याची पावती तोसुद्धा देतो.

मी दोन टार्गेट केले : 'दवबिंदू::दवबिंदू' आणि 'दवबिंदू::जेसन'. पहिल्याला काहीच जोडलेलं नाही, दुसऱ्याला पहिला आणि एनलोहमन जोडलेले आहेत. नावात दोन कोलनची जोडी मुद्दाम ठेवा. साधं नाव चुकलं तर सीमेक त्याला लिंकरसाठीची लायब्ररी समजून पुढे जातो आणि चूक फार उशिरा फुटते. कोलन असलं की 'असं टार्गेट नाही' म्हणून तिथेच थांबतो.

इन्स्टॉल करताना बहुतेकांची फजिती होते. फेचकंटेंटने (बांधणीच्या वेळी परका कोड उतरवणाऱ्या सीमेकच्या सोयीने) जेसन आणलं, आपल्या टार्गेटला जोडलं, इन्स्टॉल-एक्स्पोर्ट लिहिलं, की सीमेक म्हणतो, तुमचा टार्गेट ज्याच्यावर अवलंबून आहे तो कोणत्याच एक्स्पोर्ट सेटमध्ये (इन्स्टॉलसोबत द्यायच्या टार्गेटच्या यादीत) नाही. इंटरनेटवरची उत्तरं सांगतात की मग त्यालाही एक्स्पोर्ट करा. करू नका. दुसऱ्याची लायब्ररी आपल्या नावावर इन्स्टॉल करायला आपण कोण? इन्स्टॉल होणाऱ्या बांधणीत जेसन फाइंड_पॅकेजनेच (मशीनवर आधीच असलेली लायब्ररी शोधणाऱ्या आज्ञेने) शोधा.

पुढची पायरी कॉन्फिग फाइल. तुमचं पॅकेज कोणी शोधलं की सीमेक ही फाइल चालवतो. तुमच्या डिपेंडन्सीज इथे फाइंड_डिपेंडन्सीने पुन्हा शोधाव्या लागतात. तुमच्या मशीनवर त्या सापडल्या होत्या याचा त्याच्या मशीनला उपयोग नाही. साधं फाइंड_पॅकेज इथे वापरू नका, कारण फाइंड_डिपेंडन्सी 'रिक्वायर्ड' आणि 'क्वाएट' हे वापरणाऱ्याचे शब्द पुढे पोचवतं. जेसन फक्त त्याने तो कंपोनंट मागितला तरच शोधा, आणि त्यासाठी दोन टार्गेटचे एक्स्पोर्ट सेट दोन ठेवा. एकाच सेटमध्ये असतील तर जेसन नको असलेल्यालाही जेसनअभावी अडवलं जाईल.

आवृत्तीची फाइल बनवताना 'आर्क_इंडिपेंडंट' हा शब्द टाका, सीमेक ३.१४पासून तो आहे. नाही टाकला तर ६४ बिटांच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल केलेली लायब्ररी ३२ बिटांच्या रास्पबेरी पायसाठी क्रॉस-कंपाइल करताना 'जुळत नाही' म्हणून नाकारली जाते. हेडरला कसले आले बिट, पण त्या फाइलला ते आपण सांगावं लागतं.

टेस्टची लायब्ररी फक्त आपलाच प्रोजेक्ट मुख्य असेल तेव्हा आणा. सीमेक ३.२१पासून 'प्रोजेक्ट_इज_टॉप_लेव्हल' हा व्हेरिएबल तेवढ्यासाठी आहे.

आणायचं कुठून

वापरणाऱ्यासाठी फेचकंटेंट सोपं आहे, आणि ३.२४पासून त्यात 'फाइंड_पॅकेज_आर्ग्ज' आलं : आधी मशीनवर शोध, नसेल तरच उतरव. एका नावाची पहिली घोषणा जिंकते, हेही लक्षात ठेवा. मुख्य प्रोजेक्टने जेसनची आवृत्ती आधी जाहीर केली असेल तर तुमची घोषणा निमूट बाजूला पडते. हे बरोबरच आहे, घरात कोणती आवृत्ती चालेल ते घरमालकाने ठरवावं. तुम्ही किमान आवृत्ती सांगा, नेमकी सांगू नका.

गिट टॅगच्या जागी 'मेन' ब्रँच कधीही लिहू नका. टॅगसुद्धा हलवता येतो. ४० अक्षरी कमिट हॅश हलत नाही. संकुचित फाइल उतरवत असाल तर शा-२५६ हॅश द्या, पण गिटहबने आपोआप बनवलेल्या संकुचित फाइलीचा नको. ३० जानेवारी २०२३ला गिटहबने आतलं गिट अद्ययावत केलं आणि त्या फाइलींचे बाइट बदलले. मजकूर तोच, हॅश वेगळा. जगभरच्या बिल्ड एकाच दिवशी कोसळल्या, आणि गिटहबने बदल मागे घेतला. लायब्ररीच्या लेखकाने स्वतः रिलीजला जोडलेली फाइल घ्या. एनलोहमनची अशी फाइल आहे आणि ती अख्ख्या रेपॉझिटरीपेक्षा कितीतरी लहान आहे.

अंबडच्या एमआयडीसीत एक वर्कशॉप माझी लायब्ररी वापरतं, द्राक्षासाठी नव्हे तर कॉम्प्रेस्ड हवेतला ओलावा बघायला. तिथल्या मशीनच्या कॉम्प्युटरला इंटरनेटच नाही, आणि मालक देणारही नाहीत. बरोबर करतात. तिथे पेन ड्राइव्हवर नेलेला फोल्डर 'फेचकंटेंट_सोर्स_डिर_' आणि पुढे लायब्ररीचं नाव अशा व्हेरिएबलने दाखवला की उतरवण्याचा प्रश्नच येत नाही. तुमच्या सूचनांत ही ओळ घाला. कारखान्यांना ती लागतेच.

व्हीसीपीकेजी किंवा कॉनन या सी++च्या पॅकेज मॅनेजरमध्ये लायब्ररी द्यायची तर वर केलेलं सीमेकचं काम जसंच्या तसं कामी येतं. कॉननमध्ये पॅकेजचा प्रकार 'हेडर-लायब्ररी' लिहा आणि आयडी बनवताना कंपाइलरची माहिती पुसून टाका, नाहीतर प्रत्येक कंपाइलरसाठी तेच हेडर वेगळं पॅकेज म्हणून साठत राहतं.

याच वर्कशॉपने मॅक्रोचा धडाही दिला. विंडोजचं मुख्य हेडर 'मिन' आणि 'मॅक्स' नावाचे मॅक्रो सोडतं, त्यामुळे माझं 'एसटीडी मिन' तिथे कंपाइल होईना. वापरणाऱ्याला 'नोमिनमॅक्स' लावायला सांगता येतं, पण हेडर-ओन्ली लायब्ररीने तसं सांगू नये. फंक्शनचं नाव कंसात घाला, म्हणजे मॅक्रो त्याला ओळखत नाही. दिसायला ओंगळ आहे, चालतं मात्र सगळीकडे.

परवान्याचा कागद

कंपाइल झालेल्या लायब्ररीपेक्षा इथे परवाना जास्त चिकटतो, कारण परका कोड थेट वापरणाऱ्याच्या बायनरीत वितळतो. एमआयटी परवाना असेल तर त्याची सूचना सोबत द्यावीच लागते. बूस्टचा परवाना नुसत्या कंपाइल केलेल्या रूपाला त्यातून सूट देतो. एलजीपीएल ३मध्ये हेडरसाठी स्वतंत्र कलम आहे : दहा ओळींपर्यंतच्या छोट्या मॅक्रो, इनलाइन फंक्शन्स आणि टेम्प्लेट्सपुरती मोकळीक, त्याहून मोठं घेतलं की अटी लागू. टेम्प्लेट्सनी भरलेल्या लायब्ररीला दहा ओळी म्हणजे काहीच नाहीत. आयगेनही आधी एलजीपीएलखाली होती, २०१२मध्ये ३.१.१ आवृत्तीपासून ती एमपीएल २वर गेली. तुमच्या इन्स्टॉलमध्ये परवान्यांचा एक फोल्डर ठेवा. वापरणाऱ्याला ते गोळा करायला लावू नका.

रोज तपासायचं

गिटवर कोड चढला की माझ्याकडे काही बांधण्या आपोआप होतात. पहिली, जेसन अजिबात नसलेल्या कोऱ्या कंटेनरमध्ये. ही सगळ्यात मोलाची. माझ्या लॅपटॉपवर सगळंच इन्स्टॉल असल्याने विसरलेला इन्क्लूड तिथे कधी कळत नाही. दुसरी, मी कबूल केलेल्या सर्वांत जुन्या जेसनवर, आणि तिच्यासोबत सर्वांत नव्यावर. 'किमान ३.११' असं लिहून कायम नव्यावरच तपासणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. तिसरी, एक्सेप्शन्स बंद करून. दिंडोरीच्या बोर्डाची ती आठवण.

शिवाय दोन छोट्या गोष्टी. एकच हेडर दोन सीपीपी फाइलींत घेऊन त्या एकत्र लिंक करा; कुठे 'इनलाइन' लिहायचं राहिलं असेल तर लिंकर लगेच सांगतो. आणि प्रत्येक हेडर एकटा कंपाइल होतो का ते पाहा. सीमेक ३.२४पासून फाइलसेटमध्ये हेडर्स नोंदवली असतील तर 'व्हेरिफाय_इंटरफेस_हेडर_सेट्स' चालू करून हे फुकटात होतं.

शेवटी एक वेगळा, दहा ओळींचा प्रोजेक्ट ठेवा, जो इन्स्टॉल झालेली लायब्ररी परक्या माणसासारखी फाइंड_पॅकेजने शोधून वापरतो. वर सांगितलेल्या कॉन्फिग फाइलीतल्या माझ्या सगळ्या चुका याच प्रोजेक्टने पकडल्या.

जेसनची किमान आवृत्ती वाढवली की मी माझ्या लायब्ररीच्या आवृत्तीचा मुख्य आकडा वाढवतो, कारण तिचा टाइप माझ्या सहीत आहे. 'पोट'वाल्या डिपेंडन्सीसाठी मधला आकडा पुरला असता, पण तशी आता एकही नाही.

दिंडोरीचा बोर्ड आता स्वल्पविरामांनी तोडलेली साधी ओळ वाचतो. अर्धवट आली तर टाकून देतो आणि पुढचीची वाट बघतो. गेल्या थंडीत तो एकदाच बंद पडला. मित्राचा फोन आल्यावर मी लॅपटॉप उघडलासुद्धा होता, तेवढ्यात त्याने फोटो पाठवला : उंदराने वायर कुरतडली होती.